पाठवलेले मूल पोहोचले का?

सोळा-सतरा वर्षांचे एखादे मूल मनाने खचू लागते तेव्हा त्याच्या आसपास यंत्रणाच नसते, असे महाराष्ट्रात तरी म्हणता येत नाही. शाळा शिक्षण विभागाची असते. मूल वसतिगृहात किंवा आश्रमशाळेत राहत असेल तर त्याची जबाबदारी समाजकल्याण किंवा आदिवासी विकास विभागाकडे जाते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येऊन तपासणी करते, ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असते आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक ठरलेल्या दिवशी तालुक्याला येते. घरी मारहाण होत असेल किंवा सांभाळणारे कोणी नसेल तर बाल कल्याण समिती आहे, मुलाच्या हातून गुन्हा घडला तर बाल न्याय मंडळ आहे, रात्री-अपरात्री फोन करायचा तर मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे क्रमांक आहेत. शिवाय बहुतेक जिल्ह्यांत दोन-चार तरी सामाजिक संस्था या वयाच्या मुलांबरोबर काम करतात. मी अशाच एका संस्थेत समुपदेशक आहे, आणि या कामात जे पाहिले त्यावरून माझे असे ठाम मत झाले आहे की आपल्या मुलांचे सर्वांत मोठे नुकसान एका यंत्रणेकडून दुसरीकडे जाण्याच्या वाटेवर होते.

एका मुलीची हकिकत सांगते; तिची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. नववीतली ही मुलगी वर्गात अधूनमधून चक्कर येऊन पडत असे. हजेरी घसरली होती, उत्तरे अर्धवट लिहून पेपर परत देत असे. शाळेत तपासणीला आलेल्या पथकाला तिच्यात रक्ताची कमतरता आढळली, त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि ग्रामीण रुग्णालयात दाखवण्याची चिठ्ठी दिली. वर्गशिक्षिकेने पालकांना बोलावणे धाडले, पण कोणी आले नाही. गावात बोलले जाऊ लागले की पोरीला बाहेरचे आहे, आणि आई तिला अमावास्येला एका देवऋषीकडे घेऊन गेली. दोन वर्षांपूर्वी वडील गेले होते, आई दिवसभर मजुरीला जात होती आणि दोन धाकट्या भावांचे सगळे हीच मुलगी पाहत होती, हे गावच्या आरोग्य स्वयंसेविकेला, म्हणजे आशाताईंना, चांगले ठाऊक होते. अशा घरातल्या मुलांच्या सांभाळासाठी पैशांची मदत देणाऱ्या बालसंगोपन योजनेसाठी आईने केलेला अर्ज एका दाखल्यावाचून महिला व बालविकास विभागाच्या कार्यालयात अडकला होता, हे तिथल्या कर्मचाऱ्याला ठाऊक होते. म्हणजे त्या मुलीच्या आयुष्यातले जवळजवळ सगळे महत्त्वाचे कोणा ना कोणाच्या नोंदवहीत लिहिलेले होते, नोंदी बरोबर होत्या आणि कोणीही कामचुकारपणा केलेला नव्हता. तरीही त्या नोंदी एकमेकींना भेटल्या त्या केवळ योगायोगाने: मासिक पाळीच्या स्वच्छतेवर बोलायला आशाताई शाळेत आल्या आणि सत्र संपल्यावर वर्गशिक्षिकेशी दहा मिनिटे बोलत थांबल्या.

त्या दहा मिनिटांत जे घडले ते एरवी घडायला काय लागेल, याचा विचार मी तेव्हापासून करत आले आहे.

पहिली गोष्ट चिठ्ठीची. आपल्या व्यवस्थेत ‘पुढे पाठवले’ अशी नोंद झाली की पाठवणाऱ्याचे काम पूर्ण होते. मूल पोहोचले का, डॉक्टर त्या दिवशी होते का, एसटीचे भाडे आणि एका दिवसाची बुडालेली मजुरी आईने कुठून आणली, दुसऱ्यांदा बोलावले तेव्हा ती का गेली नाही, यांतल्या कशाचीच नोंद ठेवण्याची जागा पाठवणाऱ्याच्या रजिस्टरमध्ये नसते. आणि जे मूल खरोखर पोहोचते त्याच्याविषयीचे उत्तर मागे येत नाही. डॉक्टर केसपेपरवर निदान आणि औषधे लिहितात, तो केसपेपर प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी नेला जातो, आणि शाळेला त्याचा पत्ताच नसतो. औषध सुरू केल्यावर पहिले काही आठवडे सकाळी सुस्ती येऊ शकते, ही एवढी साधी माहिती न मिळाल्यामुळे पहिल्या तासाला डुलक्या घेणाऱ्या मुलाला वर्गाबाहेर उभे केले जाते. मग ते मूल औषध घ्यायचे सोडते, कारण औषधापेक्षा वर्गातला अपमान त्याला जास्त जाणवतो. डॉक्टरांच्या बाजूने पाहिले तर रुग्ण पुन्हा आला नाही, इतकेच दिसते. औषध सोडल्याचे खरे कारण शाळेत घडलेले असते आणि शाळेतले कोणी डॉक्टरांना ओळखत नसते.

मुलीच्या बाबतीत आम्ही एवढेच ठरवले की जिल्हा रुग्णालयात तिच्याबरोबर आईशिवाय आणखी एक ओळखीचे माणूस जाईल आणि परत आल्यावर, मुलगी आणि आई ‘हो’ म्हणतील तेवढे, शाळेला आणि आशाताईंना सांगेल. मनोविकार विभागाच्या पायऱ्या चढायला आई तयार नव्हती. वेडाच्या डॉक्टरकडे नेले हे गावात कळले तर मुलीचे लग्न कसे होणार, हा तिचा प्रश्न होता, आणि त्या प्रश्नाला तिच्या जगात वजन होते. आशाताईंनी तो खोडून काढला नाही. त्या आईबरोबर बसल्या आणि आपण आधी तिच्या चकरेचे आणि झोपेचे विचारू, असे म्हणाल्या. डॉक्टरांनी नैराश्याचे निदान केले, उपचार सुरू केले आणि रक्ताच्या कमतरतेकडेही लक्ष द्यायला सांगितले. त्याच आठवड्यात अडकलेला दाखला मिळवून अर्ज पुढे सरकवला. माझ्या मते तो दाखला हा उपचाराचाच भाग होता, कारण घरखर्चाची चिंता जिच्या डोक्यावर आहे अशा पंधरा वर्षांच्या मुलीला केवळ गोळी देऊन भागत नाही.

देवऋषीविषयी आमच्यात मतभेद झाले. त्याला बाजूला काढावे, असे काही सहकाऱ्यांचे म्हणणे होते, आणि महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला आहे, अघोरी प्रकार खपवून घेता येणार नाहीत, हे मलाही मान्य आहे. पण मारहाण, उपाशी ठेवणे, औषध बंद करायला सांगणे असे काही नसेल, तर ज्या ठिकाणी कुटुंब आधी जाते त्या ठिकाणाशी बोलणे बंद करून आपण मुलापासून आणखी दूर जातो, असे मला वाटते. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात ‘दवा-दुआ’ नावाने असा प्रयत्न झाला. दुआ मागायला आलेल्या माणसाला तिथेच मानसोपचाराचा सल्ला आणि औषध मिळेल, अशी व्यवस्था एका स्वयंसेवी संस्थेने आणि सरकारने मिळून उभी केली. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतून पुढे आलेल्या आणि साताऱ्याच्या परिवर्तन संस्थेने जोपासलेल्या मानसमित्रांचे कामही माझ्या मनात याच रांगेत बसते. हे मानसमित्र म्हणजे गावातलेच, प्रशिक्षण घेतलेले लोक; ते त्रासात असलेल्याचे ऐकून घेतात, भावनिक प्रथमोपचार करतात आणि गरज असेल तर डॉक्टरांपर्यंत नेतात. एक वाट श्रद्धेच्या जागेतून निघते, दुसरी चिकित्सेच्या, पण दोन्हींत माणसाला एकट्याने चालावे लागत नाही.

पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात सुरू केलेला ‘आत्मीयता’ हा प्रकल्पही येथे सांगितला पाहिजे. त्यात गावातल्या स्वयंसेवकांनी त्रासात असलेल्यांशी बोलायचे, गंभीर आजार दिसला तर सरकारी दवाखान्याशी जोडून द्यायचे आणि त्याचबरोबर ज्या सामाजिक योजनांचा हक्क आहे त्याही मिळवून द्यायच्या, अशी रचना होती. तो प्रौढांसाठी होता, तरी त्यातली शेवटची गोष्ट मला मुलांच्या बाबतीत दुपटीने खरी वाटते. मुलाच्या मनाचा प्रश्न घराच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही, आणि घराचा प्रश्न एकाच खात्याकडे कधीच नसतो.

मग समन्वयाचे काम नेमके कोणी करायचे? आपल्याकडे याचे ठरलेले उत्तर शिक्षक हे आहे. जनगणना, निवडणूक, पोषण आहार, सर्वेक्षणे यांच्या जोडीला मानसिक आरोग्यही शिक्षकांनीच पाहावे, एक दिवसाचे प्रशिक्षण द्यावे आणि त्यांना समन्वयक म्हणून नेमावे. मी शिक्षकांच्या सद्भावनेविषयी एक क्षणही शंका घेत नाही. ज्या मुलांपर्यंत आम्ही पोहोचलो त्यांतली बहुतेक मुले प्रथम कोणा शिक्षकाच्याच नजरेस आली. पण बिहारच्या नालंदा जिल्ह्यात गोव्याच्या ‘संगत’ या संस्थेने माध्यमिक शाळांमध्ये केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सेहेर’ अभ्यासाने या प्रश्नाचे फार स्पष्ट उत्तर दिले आहे. काही शाळांत एकच कार्यक्रम स्थानिक, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण याच कामासाठी नेमलेल्या समुपदेशकाने चालवला, काही शाळांत तोच कार्यक्रम शिक्षकाने चालवला. समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारले, नैराश्याची लक्षणे आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकांनी चालवलेल्या शाळांत तसा परिणाम दिसला नाही. ज्याच्या माथी आधीच दहा कामे आहेत त्याला अकरावे दिले तर ते अकरावेच राहते.

हे वाचल्यावर असे वाटू शकते की मग समन्वयाचे एक स्वतंत्र पद निर्माण केले की झाले. पण अमेरिकेतला अनुभव येथे आपल्याला सावध करतो, आणि तो मला प्रत्येक बैठकीत आठवतो. तिथे १९८२ मध्ये जेन निट्झर यांनी देशभरातल्या गंभीर भावनिक समस्या असलेल्या मुलांविषयी अहवाल लिहिला. अशी अंदाजे तीस लाख मुले आहेत आणि त्यांतल्या दोन-तृतीयांश मुलांना आवश्यक ती सेवा मिळत नाही, कारण शाळा, बालकल्याण, बाल न्यायालये आणि मानसिक आरोग्य या यंत्रणा एकमेकींशी बोलत नाहीत, असे त्यात मांडले होते. दोन वर्षांत केंद्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे सगळ्या संस्थांनी एकत्र येऊन मुलाभोवती सेवांची एकसंध रचना उभी करावी, हा विचार तिथल्या धोरणाचा पाया बनला. त्यानंतर नॉर्थ कॅरोलायनातल्या फोर्ट ब्रॅग या लष्करी तळावर सैनिकांच्या मुलांसाठी अशी रचना सुमारे आठ कोटी डॉलर खर्चून प्रत्यक्ष उभारली गेली, आणि व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या लिओनार्ड बिकमन यांनी तिचे काटेकोर मूल्यमापन केले. सेवा लवकर मिळू लागल्या, पालक अधिक समाधानी होते, रुग्णालयात दाखल करण्याचे प्रमाण घटले. पण मुलांची लक्षणे इतर ठिकाणच्या नेहमीच्या सेवा घेणाऱ्या मुलांपेक्षा अधिक सुधारली नाहीत, आणि खर्च मात्र वाढला.

हा निष्कर्ष तिथे अनेकांना पचवायला कठीण गेला, आणि मलाही तो सोपा वाटत नाही. संस्था कितीही उत्तम रीतीने जोडल्या तरी ज्या खोलीत मूल शेवटी पोहोचते त्या खोलीत मिळणारा उपचार चांगला नसेल तर जोडणीने मूल बरे होत नाही. टेनेसी राज्यात चार्ल्स ग्लिसन आणि अँथनी हेमेलगार्न यांनी बालसेवा कार्यालयांचा अभ्यास करून १९९८ मध्ये जे मांडले ते याहून टोचणारे आहे. ज्या कार्यालयांत कर्मचाऱ्यांचे आपसातले वातावरण चांगले होते तिथल्या मुलांत अधिक सुधारणा दिसली, आणि संस्थांमधला समन्वय वाढवल्याने मात्र सेवेचा दर्जा उलट खालावलेला आढळला. त्याचे एक कारण त्यांनी असे सुचवले की समन्वयाची जबाबदारी वेगळ्या चमूकडे गेली की मुलाच्या रोजच्या संपर्कात असलेला कर्मचारी आपली जबाबदारी सैल सोडतो. हे मी आमच्याकडेही घडताना पाहिले आहे. बैठक सुरू झाली, समिती नेमली गेली, इतिवृत्त लिहिले गेले, आणि पूर्वी ज्या मुलाच्या घरी एखादी ताई स्वतःहून जात होती, त्याचे नाव आता यादीत आहे म्हणून ती जायची थांबली.

या दोन अनुभवांना एकत्र ठेवून माझ्यापुरते मी असे ठरवले आहे की मुलाला जोडून देणारे माणूस हवे, त्याला त्यासाठी वेळ आणि पगार हवा, पण ते मुलाला चेहऱ्याने ओळखणारे हवे. वरच्या कार्यालयात बसून फायली फिरवणारा समन्वयक नको. आशाताई, बाल संरक्षण कक्षाचे कार्यकर्ते, वसतिगृहाच्या अधीक्षक, शाळेतला समुपदेशक, यांच्यापैकी ज्याच्याशी मूल मोकळे बोलते तेच त्याचे माणूस मानावे आणि बाकीच्या यंत्रणांनी त्याला उत्तर द्यावे. आमच्या तालुक्याच्या मासिक बैठकीत आम्ही हा एकच नियम कटाक्षाने पाळतो. कोणत्याही मुलाची चर्चा त्याचे माणूस हजर नसेल तर होत नाही, आणि ज्याने मूल पुढे पाठवले त्याला पुढच्या बैठकीपर्यंत उत्तर मिळालेच पाहिजे, मग ते उत्तर ‘मूल आले नाही’ एवढेच का असेना. खरे तर तेच उत्तर सर्वांत मोलाचे असते, कारण त्यानंतर कोणी तरी घरी जाते.

गोपनीयतेचा प्रश्न मात्र आजही आमच्यापुढे उघडा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने रुग्णाला आपली माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिला आहे, आणि तो मुलांनाही आहे. चार संस्था एकत्र बसल्या की मुलाची गोष्ट चार जणांच्या तोंडी जाते, आणि लहान गावात चार तोंडांचे चाळीस व्हायला वेळ लागत नाही. म्हणून आम्ही मुलालाच विचारतो की तुझ्याविषयी कोणाला काय सांगू. बहुतेक मुले याचे फार विचारपूर्वक उत्तर देतात. ‘मॅडमला गोळ्यांचे सांगा, पण पप्पांचे नका सांगू’ असे एका मुलाने सांगितले होते आणि शाळेला नेमके तेवढेच कळवले गेले. पण लैंगिक अत्याचाराची गोष्ट पुढे आली तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, तिथे मुलाच्या परवानगीचा प्रश्न उरत नाही. ही मर्यादा बोलणे सुरू होण्यापूर्वीच मुलाला समजेल अशा शब्दांत सांगितली पाहिजे, असा माझा आग्रह आहे, कारण विश्वासाने सांगितलेली गोष्ट अचानक पोलीस ठाण्यात पोहोचली असे ज्या मुलीला वाटते ती पुन्हा कोणाशीही बोलत नाही.

वयाची भिंत हा याहून कठीण प्रश्न आहे. बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठराव्या वर्षी संपतो, किशोर स्वास्थ्य कार्यक्रम एकोणीस वर्षांपर्यंत आहे, बालगृहातून मुलाला अठरा पूर्ण झाले की बाहेर पडावे लागते आणि अनुरक्षण सेवा, म्हणजे बाहेर पडल्यानंतरची मदत, मिळाली तर ती साधारणपणे एकविसाव्या वर्षापर्यंत. अनेक गंभीर मानसिक आजार नेमके याच वर्षांत डोके वर काढतात. म्हणजे ज्या वयात हात धरायला सर्वाधिक गरज आहे त्या वयात एकेक खाते आपला हात सोडून देते. ऑस्ट्रेलियाने २००६ मध्ये ‘हेडस्पेस’ केंद्रे सुरू करताना वयोगट मुद्दाम १२ ते २५ असा ठेवला, आणि प्रत्येक केंद्र स्थानिक संस्थांच्या गटाने मिळून चालवायचे, तिथेच मनाचे आजार, शरीराचे आरोग्य, व्यसन आणि शिक्षण-नोकरी या चारही गोष्टींची मदत मिळायची, अशी रचना केली. आपल्याकडे अशी इमारत उभी राहायला वेळ लागेल, पण वयोगट जोडून घ्यायला इमारत लागत नाही.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार असल्याचे आढळले होते. त्या सर्वेक्षणातल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, तरी आपल्याकडचे चित्र फार वेगळे असेल असे मानायला मला काही आधार दिसत नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक नेमावा आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या मानसिक आरोग्य तज्ज्ञांशी औपचारिक संदर्भसेवेची, म्हणजे मुलाला पुढे पाठवण्याची, जोडणी करावी, असे त्यांत आहे. वाडी-वस्तीवरच्या शाळांसाठी ही दुसरी सूचना फार महत्त्वाची आहे, आणि मला भीतीही तिचीच वाटते. ही जोडणी मुख्याध्यापकांच्या टेबलावरच्या काचेखाली ठेवलेला फोन नंबर होऊन राहू शकते. म्हणून आमच्या तालुक्यातल्या लहान शाळांसाठी जो एकपानी नमुना आम्ही तयार करत आहोत त्यात खालच्या अर्ध्या पानावर पाठवणाऱ्याला द्यायच्या उत्तराची जागा ठेवली आहे: मूल कोणत्या तारखेला आले, पुन्हा कधी बोलावले आहे, शाळेने काय सांभाळायचे, आणि यातले काय सांगायला मुलाने होकार दिला आहे. ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तो भरायची तयारी दाखवली आहे. गटशिक्षणाधिकाऱ्यांची सही अजून व्हायची आहे, आणि अठरा वर्षे पूर्ण होत आलेल्या दोन मुलांचा विषय पुढच्या महिन्याच्या बैठकीत पहिला ठेवला आहे, कारण त्यांतल्या एकाची वसतिगृहातली मुदत दिवाळीच्या सुट्टीआधीच संपते आणि त्याच्या औषधांची पुढची तारीख त्यानंतरची आहे.